धुरपदा नावाचा चाकू

धुळ्याच्या एसटी स्टँडवर जो कोणी माझ्याकडून काकडी घेतो, त्याला मी आधीच सांगते, "भाऊ, हाताकडे काय बघतो, काकडीकडे बघ. कडू निघाली तर मग बोल." माझ्या उजव्या हाताला दोनच बोटं धड आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. अंगठा आहे, पण अर्धा. बाकीची दोन कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. पण मला माझं रडगाणं गायचं नाही. मला चांदभाईंचं सांगायचंय. त्यांचं सांगताना माझं मध्ये येणारच, त्याला इलाज नाही.

चांदभाई चाकू करायचे. विळे, खुरपी, अडकित्ते कोणीही लोहार करतो. चांदभाई फक्त घडीचे, खिशात मावणारे चाकू करायचे. पांझरेच्या काठाला पत्र्याची शेड होती. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पातं, म्हशीच्या शिंगाची नाहीतर बाभळीची मूठ. माणूस उंच, पण कमरेत वाकलेला, चष्म्याची एक दांडी तुटलेली म्हणून तो दोऱ्यानं कानाला बांधलेला. बोलायचे कमी. त्यांची बायको ताजबी भाता ओढता ओढता ती कसर भरून काढायची. भाता थांबला तरी तिचं तोंड थांबायचं नाही.

त्यांच्या चाकूंना नंबर नव्हते, नावं होती, आणि तीही माणसांची. जो पहिल्यांदा आपली अडचण घेऊन यायचा, त्याचं नाव त्या चाकूला. रतिलालशेठ कापडवाले आले, म्हणाले, गठ्ठ्याची शिवण उसवताना आतलं कापड चिरतं. त्यांच्यासाठी चांदभाईंनी बोथट टोकाचा, आत वळलेल्या धारेचा चाकू केला. तो झाला रतिलाल. पंडित मास्तर वर्गातल्या पोरांच्या पेन्सिली तासून द्यायचे, आणि चाकूनं त्यांच्या सदऱ्याचा खिसा फाटायचा. त्यांच्यासाठी बोटाएवढा, चपटा, कडा घासून गोल केलेला. तो पंडित. उखर्डूआबा मेंढ्या राखायचे. त्यांना जाड पाठीचा चाकू लागायचा, मुठीला दोरी ओवायला भोक हवं, म्हणजे विहिरीत वाकलं तरी पडणार नाही. त्याच चाकूनं आबा मेंढीचा खूर तासायचे आणि त्याच चाकूनं कांदा चिरून भाकरीबरोबर खायचे. ताजबी म्हणायची, "आबा, मधे धूत तरी जा हो!" तर तो उखर्डू.

बाजारात मोठी मजा यायची. शिंपी येऊन म्हणायचा, "एक रतिलाल द्या." पोस्टमन म्हणायचा, "पंडित आहे का, लहान मुठीचा?" मी एकदा विचारलं, "चांदभाई, आकारावरून का नाही नाव देत? माशाच्या आकाराचा म्हणून मासा, असं?" ते म्हणाले, "आकाराचं नाव दिलं की गिऱ्हाईक शोभा बघतं. माणसाचं नाव दिलं की विचारतं, ह्या माणसाला काय कापायचं होतं? मग बरोबर आपल्या कामाचा उचलतं."

त्यांचा एक रिवाज होता. नवा चाकू पहिल्यांदा पिंपळनेरच्या बाजारात न्यायचा. ज्याच्या नावाचा, तो माणूस सोबत. त्यानं चार लोकांसमोर स्वतःच्या हातानं काहीतरी कापून दाखवायचं, आणि चांदभाईंनी मोठ्यानं नाव पुकारायचं. एरवी ज्यांचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येत नसे, ते तेव्हा घसा फोडून ओरडायचे. पहिला चाकू ज्या नावानं विकला गेला, ते नाव त्याला कायमचं. मग कोणी बदलू म्हटलं तरी बदलायचं नाही.

आता माझं. एक्क्याऐंशी साली सासरी बैलांना कडबा कापत होते. माझ्याच घाईनं हात आत गेला. जखम भरली, पण नाव गेलं. मी धुरपदा होते, ती थोटी झाले. "थोटी, पाणी आण." "थोटीला विचारा." नवऱ्यानं, रुपचंदनं, वर्षाच्या आत दुसरी केली. तो वाईट नव्हता हो, पण चांगला असून तरी काय केलं त्यानं? माझा भाऊ निंबा मला धुळ्याला घेऊन आला.

भावजय बेबाबाई. सोन्यासारखी बाई, पण तिनं मला मायेनंच मारलं असतं. पातेलं उचलायला गेले की "राहू द्या अक्का." विळीवर बसले की "राहू द्या अक्का, मी करते." दोन वर्षं मी त्या घरात पदराखाली हात घेऊन बसले. ज्याचं जळतं त्याला कळतं. रोज कोणाच्या दयेची भाकरी खाऊन बघा, पोट भरतं पण घास गोड लागत नाही.

एक दिवस उठले, टोपलीत काकड्या भरल्या, आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. बेबाबाई रडली, निंबा रागावला. मी म्हटलं, रडा, रागवा, मी चालले.

पण काकडी नुसती विकत नाहीत. चिरून, मीठ-तिखट भरून द्यावी लागते, तीही गाडी सुटायच्या आत. उघडी सुरी टोपलीत ठेवली, तर गाडीत चढताना एका म्हाताऱ्याच्या धोतरात अडकली. कंडक्टर म्हणाला, "बाई, उघडं पातं घेऊन चढायचं नाही." बरोबरच होतं त्याचं. मग बाजारातून एक पंडित घेतला. पंडित उघडायला पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घालावं लागतं. माझ्या त्या अंगठ्याला नखच नाही. डाव्या हाताच्या नखानं उघडू म्हटलं, तर उजव्या हातात तो धरता येईना, निसटून खाली. डाव्या हातानं कापलं तर लोक घेत नाहीत. मग मी दातानं उघडायला लागले. आणि लोक नाक मुरडायला लागले. "बाई दातानं चाकू उघडते, उष्टी काकडी." एक एक करून गिऱ्हाईक पलीकडच्या पेरूवाल्याकडे जायला लागलं. घरी परत जायचं, पदराखाली हात घ्यायचा आणि "राहू द्या अक्का" ऐकत म्हातारं व्हायचं, हे मला समोर दिसायला लागलं.

पिंपळनेरच्या गाडीची वाट बघत चांदभाई तिथेच बसलेले असायचे, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन. त्या दिवशी त्यांनी मला बघितलं. उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बेटी, तो चाकू माझा आहे."

मला वाटलं, चोरीचा आळ घेतोय म्हातारा. मी म्हटलं, "पैसे देऊन घेतलाय!"

"तसं नाही," ते म्हणाले. "मी केलेला आहे. आणि तुला तो दातानं उघडावा लागतो." त्यांचा चेहरा असा पडला की मीच घाबरले. "हातात खोट नाही बेटी. चाकूत आहे."

दोन वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, नशिबात खोट. देवाची करणी. मी स्टँडवर ढसाढसा रडले, आणि पेरूवाला बघतोय म्हणून त्याच्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेले. चांदभाईंनी पांझरेची ओली माती कालवून ठेवली होती. भाकरीच्या पिठासारखा गोळा माझ्यासमोर केला आणि म्हणाले, "धर. जसा जमेल तसा आवळ." मी हात पदरातून काढेना. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं वाटलं. तेव्हा ताजबीनं भाता सोडला, माझ्यासमोर बसली आणि स्वतःचा हात दाखवला. भट्टीच्या ठिणग्यांनी मनगटापर्यंत पांढरे डाग. म्हणाली, "लग्नात मेंदी काढली होती ह्या हातावर. आता बघ. काढ बाई, इथे कोणाचा हात चांगला आहे?" मग मी काढला आणि मातीचा गोळा आवळला.

मी म्हटलं, "खटक्याचा करून द्या ना. बटण दाबलं की उघडतो तसा." चांदभाई म्हणाले, "खटक्याचा मी करत नाही. तो कापायला नसतो, दाखवायला असतो. आणि तुला रोज पोलीस हटकतील."

महिना लागला. तीनदा केला आणि तीनदा भट्टीत टाकला. चौथ्यांदा जमलं. मूठ मागे फुगीर, माझ्या दोन बोटांत आणि तळव्यात बसेल अशी, मातीच्या गोळ्यावर जशी उमटली होती तशीच. पात्याच्या बुडाला एक शेपटी, पेराएवढी, मिटलेला असताना बाहेर डोकावणारी. अंगठ्याच्या थोटकानं ती दाबली की पातं सुळकन बाहेर. उघडल्यावर तीच शेपटी हाताखाली दबून राहते, म्हणून पातं आपोआप मिटत नाही. कमान नाही, खटका नाही, नख नको. मी उघडला, मिटला, उघडला, मिटला. ताजबी म्हणाली, "पुरे गं, झिजेल तो!"

मग चांदभाई म्हणाले, "पुढच्या बाजाराला पिंपळनेरला चल. नाव पुकारायचंय."

मी चाकू मिटून खाली ठेवला. सासर त्याच रस्त्याला. अर्ध्या बाजाराला मी थोटी म्हणून ठाऊक. मी म्हटलं, "चांदभाई, पाया पडते. मला एकच चाकू करून द्या, बाजारात नका नेऊ. लोक त्याला थोटीच म्हणतील. आता चार गावं म्हणतात, मग गावोगावच्या बाजारात म्हणतील. मी मेले तरी म्हणतील."

ते म्हणाले, "चांगला चाकू एकीसाठी करत नाहीत." एवढंच. त्या माणसाच्या कमी बोलण्याचा मला तेव्हा जो संताप आला!

पण गेले. त्यांचं ऐकून नाही, ताजबीनं हाताला धरून गाडीत बसवलं म्हणून. बाजारात गोणपाट अंथरलं, बारा चाकू मांडले. माणसं जमली. मी काकडी घेतली, चाकू एका हातानं उघडला, चिरली, मीठ लावलं. चांदभाईंनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "अरे, हाऊ त थोटीना चाकू शे!"

सगळे हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! दुसरा पुढे आला, खरंच घ्यायला आला होता तो. म्हणाला, "एक थोटी दे चांदभाई."

चांदभाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग खाली वाकून बाराच्या बारा चाकू उचलले आणि पेटीत ठेवले. "ह्या नावाचा चाकू माझ्याकडे नाही."

"मंग काय नाव शे?"

"धुरपदा."

"चाकू तोच ना? नावाचं काय एवढं?"

"मग नाव घ्यायला तुझं काय जातं?" चांदभाई म्हणाले. आणि पेटीवर बसले.

त्या दिवशी एक चाकू विकला गेला नाही. परतीच्या गाडीत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुमच्या हट्टापायी माझी भर बाजारात नाचक्की झाली, म्हटलं. ते साक्रीपर्यंत पेटी मांडीवर घेऊन बसले. साक्री आली तेव्हा म्हणाले, "नाव अजून पडलेलं नाही बेटी. विकला गेला नाही, तोवर पडत नाही."

पुढच्या बाजाराला तेच. मी गेले नाही, ताजबीनं येऊन सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही तेच. लोकांना ती गंमत झाली, मुद्दाम येऊन थोटी मागायचे आणि चांदभाई मुद्दाम पेटीचं झाकण लावायचे. ताजबी म्हणाली, "हा माणूस निकाहात तीनदा कबूल म्हणाला, त्यानंतर एवढा एकच शब्द धरून बसलाय."

चौथ्या बाजाराला मी गेले. म्हटलं, जिच्यासाठी माणूस स्वतःचं हसं करून घेतोय तिनं घरी बसायचं, हे बरं नाही. तिथे उखर्डूआबा आलेले, काखेत एक कोकरू. त्यांना सगळा प्रकार कोणीतरी सांगितला असावा. ते मध्ये येऊन उभे राहिले आणि त्या टवाळ पोरांना अहिराणीत जे सुनावलं, ते मी तुम्हाला सोपं करून सांगते.

म्हणाले, "माझ्याआधी माझे चार भाऊ मेले. मी जन्मलो तेव्हा मायनं मला उकिरड्यावर लोळवलं, देवाला कचरा वाटावा, त्यानं उचलू नये म्हणून. नाव ठेवलं उखर्डू. जन्मभर लोक त्या नावाला हसले. मग चांदभाईनं ते चाकूला दिलं. आज मी बाजारातून जातो आणि कानावर येतं, चांगला उखर्डू द्या, अस्सल उखर्डू द्या. माझ्या मायला हे ऐकायला पाहिजे होतं." मग चांदभाईंकडे वळले. "माझ्या एका हातात कायम कोकरू असतं. चाकू दुसऱ्या हातानंच उघडायला लागतो. एक धुरपदा दे."

ते "धुरपदा" त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की कोकरू दचकलं. चांदभाईंनी पेटी उघडली. आबांनी तिथल्या तिथे एका हातानं चाकू उघडला आणि माझ्यासमोर काकडीसाठी हात केला. मी दिली. त्यांनी चिरली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. आणि चांदभाई ओरडले, "धुरपदा! धुरपदा घ्या, एका हाताचा धुरपदा!"

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आईच्या तोंडून नाव ऐकल्यासारखं झालं.

तो दिवसभरात सगळा खपला. कडेवर पोर घेऊन भाजी निवडणाऱ्या बायकांनी घेतला. केळीच्या बागेत घड धरून उभ्या राहणाऱ्या माणसांनी घेतला. पुढच्या चार-पाच वर्षांत रतिलाल आणि पंडित मिळून जेवढे गेले नसतील, तेवढा एकटा धुरपदा गेला. दुसरे कारागीरही तसाच करायला लागले, आणि त्यालाही धुरपदाच म्हणायला लागले. मी स्टँडवर उभी राहिले ती आजपर्यंत. बेबाबाई आता मलाच म्हणते, "अक्का, एवढी कांद्याची पात चिरून द्या ना."

चांदभाईंनी काम सोडलं, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली असतील. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. उन्हाळ्यात एक दिवस स्टँडवर आले. अजून वाकलेले, चष्म्याचा दोरा तोच. म्हणाले, "काकडी दे. चिरू नको, मी चिरतो." बाकावर बसले आणि खिशातून एक जुना पंडित काढला. मी मीठ-तिखट काढायला वळले. परत बघते तर काय, चांदभाईंनी तो पंडित दातात धरलेला.

"चांदभाई!"

त्यांनी चटकन चाकू खाली केला, चोरी पकडल्यासारखा. हात माझ्यापुढे धरले. हातोडा मारून मारून बोटं अशी आखडली होती, की एक धड वळत नव्हतं.

"धुरपदा कुठाय तुमचा?"

"सगळे विकले," ते हसले. "एक ठेवायचा राहिला. आता करता येत नाही."

माझा राग नाकावर आला, आणि डोळ्यांतून पाणी. दोन्ही एकदम. मी माझा चाकू काढला, अकरा वर्षांचा, पातं झिजून निम्मं झालेला, आणि त्यांच्या हातात ठेवला. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "गप्प बसा. हातात खोट नाही चांदभाई. चाकूत आहे."

त्यांना उघडता येईना. ज्यानं केला त्याला येईना! मी शेजारी बसले, त्यांची बोटं माझ्या दोन बोटांनी त्या फुगीर मुठीवर बसवली. "आवळू नका. नुसता धरा. आता अंगठ्याच्या बुडानं शेपटी दाबा. हां." पातं बाहेर आलं. त्यांनी मिटला, उघडला, मिटला, उघडला. मी म्हटलं, "पुरे, झिजेल तो." मग त्यांनी काकडी चिरली आणि पहिली फोड मला दिली.

त्या दिवशी उरलेल्या काकड्या मी त्यांच्या पंडितनं चिरल्या, दातानं उघडून. कोणी नाक मुरडलं नाही. मुरडलं असतं तर मी सोडलं असतं का?

पुढच्या बाजाराला पिंपळनेरला गेले. एक अनोळखी बाई गोणपाटावर चाकू मांडून बसली होती. तिनं विचारलं, "कोणता देऊ?" माझ्या लक्षात आलं की माझ्या नावाचा चाकू मी स्वतः कधी मागितलेला नाही.

मी पदरातून हात बाहेर काढला आणि म्हटलं, "धुरपदा द्या."

तिनं हाताकडे बघितलं, मग चाकूच्या ढिगात हात घातला. "घ्या मावशी," ती म्हणाली, "हाऊ बठ्ठासना हातले बसस, सगळ्यांच्याच."